पोटभर गवत आणि उतरतं दूध: देवगडच्या सड्यावरचं एक प्रकरण

मे महिन्याच्या अखेरीस देवगड तालुक्यातल्या सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, एका वाडीत तीन होल्स्टीन फ्रिजियन संकरित गायी उतरल्या. कोल्हापूरच्या बाजूने, फोंडा घाटाने टेम्पोतून आल्या. दोघी दुसऱ्या वेताच्या, थोरली तिसऱ्या. व्यायला दोन-अडीच महिने झालेले आणि दूध प्रत्येकी चौदा लिटरच्या आसपास. घेणारं जोडपं मुंबईची नोकरी सोडून गावी परतलेलं. मी त्यांना दादा-वहिनी म्हणतो, इथेही तसंच लिहितो. जनावरांचा डॉक्टर म्हणून मी या गोठ्यात पुढचं वर्षभर जात राहिलो. त्या वर्षात माझी एक चूक झाली, तीही या नोंदीत आहे.

तयारी वाईट नव्हती. गायी येण्याआधी, जानेवारीतच दादांनी विहिरीच्या खालच्या अंगाला वीस गुंठ्यांत संकरित नेपियर या चाऱ्याच्या उंच गवताची ठोंबं लावली होती. गोठा हवेशीर, जमीन उताराची. पाऊस लागल्यावर नेपियर दिवसाला दिसेल असा वाढू लागला. कोवळा असताना गुरं आवडीने खातात म्हणून तीस दिवसांतच कापायला सुरुवात झाली, आणि कमी पडलं तर शेताच्या बांधावरचं गवत होतंच. गव्हाण कधी रिकामी राहिली नाही.

जुलैच्या मध्यावर वहिनींचा फोन आला. "डॉक्टरांनू, गवात कमी नाय. दिवसभर खातत. मगे दूध खंय जाता?"

चौदावरून दूध नऊ लिटरवर आलं होतं. वेत पुढे सरकेल तसं दूध थोडं कमी होतंच, पण सहा आठवड्यांत पाच लिटर हा उतार त्यातला नव्हे. संकलन केंद्रावर फॅट २.९ लागत होतं. गायीच्या दुधाचा मूळ दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) धरतात, त्यामुळे दूधही कमी आणि लिटरमागे पैसेही कमी, असा दुहेरी मार बसत होता. पाठीची हाडं दिसायला लागली होती. शेण पातळ, शिंतोडे उडणारं. अंगात ताप नव्हता. गोचीड तापाचा संशय नको म्हणून रक्त पाहिलं, ते स्वच्छ निघालं. शेणात मात्र यकृत कृमीची अंडी सापडली. लागण होऊन अंडी दिसायला दोन-अडीच महिने तरी जातात, म्हणजे गायी ती घेऊनच आल्या असाव्यात. पण इथेही भातशेतीच्या पाणथळ बांधावर गोगलगायी असतात आणि त्यांच्यामार्फत हा कृमी गवतावर येतो. त्याचं औषध दिलं, बांधाचं गवत बंद केलं. थोडा फरक पडला, पण सगळं उत्तर त्यात नव्हतं.

इथे माझी चूक झाली. गायी खंगताहेत, म्हणजे ताकद कमी पडते आहे, असं धरून मी गोळी पेंड चार किलोवरून सात किलो करायला सांगितली. पाच दिवस दूध वाढलं. सहाव्या दिवशी थोरली गव्हाणीपाशी उभी राहिली, पण तोंड लावेना. शेणाला आंबूस वास, रवंथ जवळजवळ बंद, फॅट २.६. पोटात आम्ल वाढलं होतं. ज्या पोटात चावण्याजोगं काही जात नव्हतं, त्यात मी अजून पीठ ओतायला लावलं होतं. पेंड उतरवली, खाण्याचा सोडा सुरू केला, तीन दिवसांत गाय सावरली. पण दूध का उतरतं आहे, हा मूळ प्रश्न तिथेच होता. मग जे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं: गव्हाणीत पडणारं गवत वजन करून पाहिलं.

एका गायीला दिवसाला नेपियर पंचेचाळीस किलो. आकडा ऐकायला भरपूर वाटतो. त्यातला एक किलो कुट्टी केलेला नेपियर आम्ही वहिनींच्या स्वयंपाकघरात नेला. जुलैत उन्हात वाळवायची सोय नाही, म्हणून लोखंडी कढईत मंद आचेवर ठेवून लाह्या भाजाव्यात तसा सतत हलवला. दीड तास लागला. पुन्हा वजन केलं तेव्हा काट्यावर १४० ग्रॅम उरलं होतं. वहिनी काट्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे आम्ही पाणीच घालतव?"

तसंच होतं. किलोभर गवतात ८६० ग्रॅम पाणी. गायीचं छातीचं माप घेऊन काढलेलं वजन सव्वाचारशे किलोच्या आसपास होतं. दुभत्या संकरित गायीला वजनाच्या तीन टक्के किंवा थोडा जास्त कोरडा चारा, म्हणजे पाणी वजा जाता उरणारा चारा, लागतो, म्हणजे इथे निदान तेरा किलो. पंचेचाळीस किलो नेपियरमधून येत होता ६.३ किलो. चार किलो पेंडीतून ३.६. एकूण ९.९. रोज तीन किलोंची तूट, आणि ती भरायला नुसता तसलाच नेपियर द्यायचा तर आणखी वीस किलोंवर गवत गायीने खायला हवं. ते तिच्या पोटात मावत नाही. पोट पाण्याने भरतं, गाय खाणं थांबवते आणि आपल्याला वाटतं ती तृप्त झाली.

घाटावर चाऱ्याला निरनिराळे शब्द आहेत: वैरण, कडबा, वाढं (उसाचे शेंडे), मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा). आपल्याकडे हिरवं असो, सुकं असो, सड्यावरचं असो की भाताचं, सगळ्याला गवतच म्हणतात. आपल्या गावठी गायीला तेवढा एक शब्द पुरला. तीच कोकण कपिला, आता नोंदणीकृत जात आहे. लहान बांध्याची, खुराची घट्ट, सड्यावर दिवसभर हिंडून स्वतःचं स्वतः शोधणारी. दूध लिटर-दोन लिटर, त्यामुळे तिची गरजही तेवढीच. दादांच्या आईंनी अशा पाच गायी सांभाळल्या. गायीचं गवत काट्यावर चढलेलं पाहून त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. त्यांच्या गायींना ते कधी लागलंच नव्हतं.

होल्स्टीन फ्रिजियनचं घर उत्तर जर्मनी आणि नेदरलँड्सच्या फ्रिसलंड भागातलं, समुद्राकाठचं, पण थंड. तिथे राय गवत आणि क्लोव्हर उगवतं. थंडीत वाढणाऱ्या या गवताचं पान लुसलुशीत राहतं, काडी उशिरा कडक होते आणि पानांत असताना कापलं तर कोरड्या वजनाच्या अठरा-वीस टक्के प्रथिनं मिळतात. तिथल्या गायीचं पोट आणि कास या गवतावर घडली. उष्ण प्रदेशातली गवतं वाढतात झपाट्याने, पण तितक्याच झपाट्याने जून होतात. उन्हाने काडी लाकूड धरते आणि पचनीय भाग घटतो. नेपियरमध्ये प्रथिनं आठ ते दहा टक्के, भाताच्या पेंढ्यात तीन-चार. गायीचं रक्त आपण आणू शकलो, तिचं कुरण नाही.

दादांनी तेही करून पाहिलं, आणि मला त्यात चूक वाटत नाही. राय गवताचं बी मागवून नोव्हेंबरात चार गुंठ्यांत पेरलं. उगवलं सुंदर, पोपटी. डिसेंबरात एक हलकी कापणी मिळाली. जानेवारीत दुपारचा पारा तिशीच्या वर राहू लागला तशी टोकं पिवळी पडली आणि फेब्रुवारीत पाणी देऊनही वाफा करपला. निलगिरीच्या डोंगरात ते टिकतं. देवगडच्या कातळावर टिकणार नाही.

पावसाळ्यातली दुरुस्ती मात्र साधी निघाली. नेपियर तीसऐवजी पन्नास दिवसांनी कापायचा. कापल्यावर लगेच घालायचा नाही, पडवीत रात्रभर पसरून सुकवायचा. सकाळी हिरव्याच्या आधी तीन किलो कोरडा पेंढा, कुट्टी करून. पेंड परत चार किलो, तीही तीन वेळांत विभागून, सोबत खनिज मिश्रण. कढईचा प्रयोग पुन्हा केला तेव्हा किलोमागे १६० ग्रॅम उरले. कापल्याबरोबर तोललेले पंचेचाळीस किलो धरून ७.२, पेंढ्यातून २.७, पेंडीतून ३.६: साडेतेरा किलो झाले. दहाव्या दिवशी शेण बसलं, गायी दुपारी आडव्या होऊन रवंथ करू लागल्या. ऑगस्टच्या अखेरीस दूध साडेअकरा, फॅट ३.६.

पेंढा मात्र घरात पुरेसा नव्हता. खरं प्रकरण इथून पुढे सुरू झालं.

दादांचं भात वीस गुंठे. त्यातून निघणारा पेंढा नऊशे किलोंच्या आसपास. तीन गायींना वर्षाला चार टन हवा. वाडीत पूर्वी प्रत्येक घराची उडवी, म्हणजे पेंढ्याची रास, असायची. आता अर्धी घरं भात लावत नाहीत आणि जी लावतात त्यांच्याकडे गुरं नाहीत, त्यामुळे पेंढा मळ्यातच पडून कुजतो किंवा जाळला जातो. वहिनी गणपतीच्या दिवसांत घरोघर गेल्या. तीन घरांशी बोलणी झाली: पेंढ्याच्या बदल्यात शेणखत. आंब्याच्या कलमांना शेणखत लागतं, ते विकत घ्यायला पैसे मोजावे लागतात, आणि तीन मोठ्या गायींचं शेण ढिगाने साठत होतं. पैशाचा व्यवहार न करता तीन घरांकडून मिळून अठराशे किलो पेंढा ठरला. अट एकच ठेवली: झोडणी झाल्यावर पेंढा रात्री बाहेर ठेवायचा नाही. ऑक्टोबरात परतीच्या पावसाची सर येते, पेंढी भिजते आणि आतून काळी पडते. तशी बुरशीची पेंढी गाभण गायीच्या तोंडाला लागू नये, यावर मी अडून राहिलो.

सड्यावरच्या गवताची अडचण वेगळी. ते सप्टेंबरात फुलोऱ्यावर येतं. त्या वेळी कापलं तर त्यात सत्त्व असतं, पण पाऊस असतो, वाळत नाही. लोक दसऱ्यानंतर, ऊन स्थिर झालं की कापतात. तोवर काडी जून, सत्त्व बियांसकट जमिनीत, आणि कुसळी असेल तर तिची कुसळं जिभेत रुततात. पिढ्यान् पिढ्या गवत दसऱ्यानंतर कापलं गेलं याचं कारण आळस नव्हे. वाळवायला दुसरा मुहूर्तच नाही.

मग वाळवायचंच नाही असं ठरवलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात चार दिवस उघाडी मिळाली. फुलोऱ्यातलं सड्याचं गवत आणि पन्नास दिवसांचा नेपियर कापला, एक दिवस सुकवला, बोटाच्या पेरापेक्षा बारीक कुट्टी केली, किलोमागे दहा-पंधरा ग्रॅम गूळ पाण्यात विरघळवून शिंपडला आणि जाड प्लास्टिकच्या पिशव्यांत तुडवून तुडवून भरला. हवा आत राहिली की मुरघास सडतो, म्हणून तुडवण्यात कसूर नको. साठ पिशव्या झाल्या, प्रत्येकी चाळीस किलोच्या आसपास. पंचेचाळीस दिवसांनी पहिली उघडली तर रंग पिवळसर हिरवा, वास आंबट-गोड. गायींनी पहिल्या दिवशी हुंगून सोडला, तिसऱ्या दिवशी गव्हाण चाटून पुसली.

साठांपैकी चौदा पिशव्या फेकाव्या लागल्या. उंदरांनी भोकं पाडली होती आणि भोकाभोवती पांढरी-हिरवी बुरशी चढली होती. बुरशीचा भाग काढून उरलेला घालू का, असं दादांनी विचारलं. कष्ट दिसत होते, तरी नाही म्हणालो. पुढच्या वर्षी पिशव्या जमिनीवर न ठेवता पत्र्याच्या पिंपांत भरायच्या ठरल्या.

आंब्याच्या बागेतलं गवत फुकट मिळत होतं. हापूसच्या कलमांवर मोहोरापासून फळ धरेपर्यंत फवारण्या चालतात आणि औषध खालच्या गवतावरच टपकतं. कलमाखालचं गवत नोव्हेंबरपासून आंबा उतरेपर्यंत गोठ्यात आणायचं नाही, ही गोष्ट मी या भागात प्रत्येक गोठ्यात सांगतो. फवारणी नसलेली काजूची बाग मिळाली तर तिथलं घ्यावं. कुणीतरी खाडीतल्या तिवराचा पालाही सुचवला. जुन्या काळी किनाऱ्यावरची गुरं तो खायची. पण तो खारट, दुभत्या गायीला भरपेट घालण्याजोगा नव्हे, आणि खारफुटी तोडायला कायद्याने बंदी आहे. तो विषय तिथेच संपवला.

भात कापल्यावर मळ्यातल्या ओलीवर दादांनी निम्म्यात कुळीथ आणि निम्म्यात चाऱ्याची चवळी टाकली. वर्षभरातलं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात चांगलं खाद्य. चवळी फुलात असताना कापली तर प्रथिनं नेपियरच्या दुप्पट. घाटावर लसूण घास हवा तेवढा होतो. आमच्या आम्लधर्मी, पावसाने धुतलेल्या तांबड्या मातीत तो रडतो. त्याची जागा चवळीने घेतली, आणि फेब्रुवारीनंतर कुंपणाच्या गिरिपुष्पाने. गिरिपुष्पाच्या पाल्याला उग्र वास असतो, ताजा पाला गाय तोंडात धरत नाही. अर्धा दिवस सुकवून, मूठभरापासून सुरुवात करून, मुरघासात मिसळून दिला तेव्हा पंधरवड्यात सवय झाली.

मार्चमध्ये थोरली व्यायली. दुसऱ्या दिवशी पहाटे वहिनींचा फोन: गाय उठत नाही. गेलो तर मान वळवून कुशीवर टेकलेली, कान गार, नाकपुडी कोरडी. दुग्धज्वर: नावात ज्वर असला तरी ताप नव्हे, व्यायल्यावर रक्तातलं कॅल्शियम एकदम उतरतं. कॅल्शियमची बाटली शिरेतून सावकाश दिली, तासाभराने गाय स्वतःच्या पायांवर उभी राहिली. जास्त दूध देणाऱ्या, चौथ्यांदा व्यायलेल्या गायीला हे होऊ शकतं, चारा कितीही चांगला असला तरी. पण मी गव्हाण तपासली. महिनाभरापूर्वी घाटावरून उसाच्या वाढ्याचा एक टेम्पो स्वस्तात मिळाला म्हणून उतरवून घेतला होता. वाढ्यात ऑक्झलेट भरपूर, नेपियरमध्ये आहे, भाताच्या पेंढ्यातही आहे, आणि ते कॅल्शियम धरून ठेवतं. तिन्ही एकत्र, तेही विण्याच्या तोंडावर. वाढं बंद केलं. वहिनींना वाईट वाटलं, कारण तो टेम्पो त्यांनीच ठरवला होता. मी त्यांना सांगितलं की ते मी आधी सांगायला हवं होतं, आणि ते खरंच होतं.

एप्रिलमध्ये विहिरीने तळ गाठला. कातळावरच्या विहिरींचं तसंच असतं, वर साडेतीन हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडला तरी. नेपियर ठोंबापुरता जगवला. उष्णतेचा मुद्दा इथे चाऱ्याशी जोडलेला आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. ३२ अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रता धरली तर गायीच्या उष्णता-ताणाचा निर्देशांक ८५ येतो. ७२ च्या पुढे या गायींना त्रास सुरू होतो. त्यात नुसता पेंढा घातला तर त्याच्या पचनातच पोटात जास्त उष्णता तयार होते. गाय आधीच धापा टाकत असते, म्हणून खाणं कमी करते. पेंढा नाकारणाऱ्या गायीला हट्टी म्हणू नये. तिने स्वतःपुरता हिशेब केलेला असतो.

म्हणून पेंढा आधी हलका केला. शंभर किलो पेंढ्याला चार किलो युरिया पन्नास लिटर पाण्यात विरघळवून थरावर थर शिंपडला, प्लास्टिकने घट्ट झाकून एकवीस दिवस ठेवला. उघडल्यावर नाकाला झोंबणारा वास जाईपर्यंत पसरून मग घातला. पेंढा मऊ होतो, प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. युरियाच्या पाण्याची बादली गायीच्या तोंडाच्या टापूत एक क्षणही ठेवायची नाही, आणि सहा महिन्यांखालच्या वासराला हा पेंढा द्यायचा नाही. वैरण पहाटे पाचला आणि रात्री आठनंतर, दुपारी फक्त पाणी आणि सावली. काजूची बोंडं चिरून, दोन दिवस वाळवून पेंढ्यात मिसळली. झाडाखाली पडून आंबलेली बोंडं गोळा करून घालू नयेत, पोट बिघडतं.

तेवढ्यावर तिघींचं भागलं नाही. शेजारच्या दोन गावांतल्या गोठेवाल्यांना मिळवून घाटावरून मक्याच्या मुरघासाची एक गाडी मागवली. बांधलेल्या गाठी महिनोन् महिने टिकतात आणि मक्याच्या मुरघासात कोरडा भाग तीस टक्क्यांच्या वर असतो, म्हणजे एक गाठ गाडीभाडं देऊनही पावसाळी नेपियरच्या दुप्पट कामाची. दर किलोला न बघता कोरड्या किलोला बघायचा, हे दादा आता माझ्याआधी सांगतात. मात्र गाडी एप्रिलमध्येच उतरवून घ्यायची. जूननंतर घाटात दरड आली की रस्ता कधी उघडेल याचा नेम नाही, आणि गायी तोवर थांबत नाहीत.

मेमध्ये बसून वर्षाचा हिशेब मांडला. घरचा पेंढा आणि बदल्यात मिळालेला मिळून सत्तावीसशे किलो. तो दोन गायींना पुरतो, तीन गायींना नाही. तिसरीसाठी जे विकत घ्यावं लागलं ते तिच्या दुधातून सुटलं नाही. मधली गाय जूनच्या आधी विकली. वहिनींनी तिला टेम्पोत चढवताना पाहिलं नाही, घरातच राहिल्या.

या जुलैत दोघी मिळून पंचवीस लिटर दूध देताहेत, फॅट ३.६ आणि ३.७. कढई आता गोठ्यातच असते. पंधरा दिवसांनी एकदा गवत भाजून वजन केलं जातं आणि पडवीच्या भिंतीवर खडूने आकडा लिहिला जातो. परवा गेलो तेव्हा शेवटचा आकडा १५५ होता. वहिनी वेगळ्याच काळजीत होत्या. पेंढ्याच्या तीन घरांपैकी एकाने यंदा भात लावलेलं नाही, मुलगा मुंबईला गेला, मळा पडीक आहे. सहाशे किलो कमी. दादा म्हणाले, तो मळा आपणच लावायला मागू या. लावणीचे दिवस सरत आले होते. रोपं कुणाकडे शिल्लक आहेत का, हे विचारायला ते त्याच संध्याकाळी खालच्या वाडीत गेले.